लीज की लायसन्स? मेन्स शेडला काउन्सिलची जागा मिळते तेव्हा

आमच्या शेडमधला लेथ चार फाउंडेशन बोल्टांनी जमिनीत पक्का बसवलेला आहे. बसवला त्या दिवशी आम्ही तिघांनी अर्धा दिवस नुसती लेव्हल मिळवण्यात घालवला. एका कोपऱ्याखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची, बोल्ट थोडा आवळायचा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघायचं, पुन्हा सैल करायचा. शेजारच्या उपनगरातल्या शेडमध्ये मात्र प्रत्येक मशीनला चाकं आहेत. बँडसॉ, ड्रिल, सँडिंगचं मशीन, सगळं मंगळवारी सकाळी स्टोअरमधून ढकलत बाहेर आणायचं आणि दुपारी भुसा झाडून परत आत न्यायचं, कारण संध्याकाळी त्याच हॉलमध्ये मुलांचा नाचाचा क्लास असतो. दोन्ही शेड सिडनीतल्या, दोन्ही जागा काउन्सिलच्या म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, दोन्हीकडे भाडं नाममात्र. फरक आहे तो कागदाचा. आमच्याकडे लीज आहे, त्यांच्याकडे लायसन्स.

हे दोन शब्द मुंबई-पुण्याच्या माणसाला नवे नाहीत. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेला असतो. पण त्या ओळखीमुळेच इथे घोटाळा होतो. इथल्या शेडच्या कमिट्यांवर आता आपली माणसंही दिसू लागली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी शेड म्हणजे काय ते थोडक्यात. निवृत्त किंवा एकटे पडलेले पुरुष एकत्र येऊन हाताने काहीतरी करतात अशी ही सामायिक कार्यशाळा. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात ही कल्पना रुजली. व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला या छोट्या गावात जुलै १९९८ मध्ये ‘मेन्स शेड’ हेच नाव लावून एक शेड उघडली, आणि २००७ मध्ये देशभरच्या शेडची संघटना उभी राहिली. आता हजाराहून जास्त शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही त्या पसरल्या. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, हे या चळवळीचं ब्रीद. खुर्चीचा मोडका पाय धरून बसलेला माणूस बायको गेल्याचं पहिल्यांदा मोठ्याने बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून जागेचा प्रश्न मला नुसता कागदपत्रांचा वाटत नाही. जागा गेली की हे बोलणंही जातं.

आणि जागा बहुतेक वेळा काउन्सिलचीच असते. जुना डेपो, वापरात नसलेला स्काउट हॉल, मैदानाच्या कडेचं पॅव्हेलियन. शहरात वर्कशॉपचं बाजारभावाने भाडं भरणं कुठल्याच शेडला परवडत नाही.

आता मूळ मुद्दा. लीज म्हणजे भाडेपट्टा: ठरलेल्या मुदतीसाठी जागेचा ताबा तुमच्याकडे येतो, आणि तो ताबा अनन्य असतो. म्हणजे त्या मुदतीत तुम्ही बाकी सगळ्यांना बाहेर ठेवू शकता, मालकालासुद्धा. काउन्सिलच्या माणसाला छप्पर बघायचं असेल तर करारात ठरल्याप्रमाणे कळवून यावं लागतं. लायसन्स म्हणजे परवानगी. जागेत तुमचा हक्क निर्माण होत नाही. एरवी जे अतिक्रमण ठरलं असतं ते आता ठरत नाही, इतकंच. ताबा काउन्सिलकडेच राहतो. ती त्याच हॉलची परवानगी बुधवारी योगवर्गाला देऊ शकते, कुलूप बदलू शकते, करारात असेल तेवढी नोटीस देऊन परवानगी काढूनही घेऊ शकते. जागा विकली गेली, तर रीतसर नोंदवलेलं लीज नव्या मालकालाही पाळावं लागतं. लायसन्स मात्र देणारा आणि घेणारा यांच्यापुरतं असतं.

भारतीय कायद्यातही व्याख्या जवळपास याच आहेत. भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये, लायसन्स सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये. दोन्ही कायदे १८८२ चे. मग घोटाळा कुठे?

घोटाळा कागदाच्या मथळ्यात आहे. १९५९ साली दोन देशांच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयांसमोर एकच प्रश्न आला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात ‘रॅडाइच विरुद्ध स्मिथ’ हा खटला होता: मिल्क बार (दूध-आइस्क्रीम विकणारं छोटं दुकान) चालवण्यासाठी दुकान पाच वर्षांसाठी दिलेलं, कागदावर शब्द ‘लायसन्स’. कोर्टाने म्हटलं, दुकानाचा अनन्य ताबा दिला आहे, तेव्हा हे लीज आहे. त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर हा खटला होता: दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या दोन खोल्या केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिलेल्या, कागदावर पुन्हा ‘लायसन्स’. तिथेही नाव बाजूला ठेवून तो भाडेपट्टाच मानला गेला. पुढे १९८५ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, लॉर्ड टेम्पलमन यांनी हेच शेडमधल्या माणसाला लगेच पटेल अशा भाषेत सांगितलं. त्यांचा आशय असा: पाच दातांचं खणायचं अवजार बनवलं की ते दाताळंच होतं, बनवणारा कितीही म्हणो की मी फावडं बनवलंय.

महाराष्ट्रात मात्र घरांच्या बाबतीत कायद्याने वेगळी वाट धरली. जुन्या भाडे नियंत्रणाच्या काळात एकदा भाडेकरू झालेल्याला काढणं इतकं अवघड होतं, की घरमालक ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लेखी लायसन्स करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे आपल्याकडे फ्लॅटची किल्ली तुमच्या खिशात, दाराला तुमचं कुलूप, आत फक्त तुम्ही, तरी कागद लायसन्स म्हणतो म्हणून ते लायसन्स. याची सवय डोळ्यांना इतकी झालेली असते की इथेही आपण मथळा वाचतो आणि थांबतो. मीही थांबलो होतो. आमच्याकडे पहिला मसुदा आला, वर ‘लायसन्स’ लिहिलेलं. मी कमिटीला सांगितलं, हरकत नाही, आमच्याकडे भारतात सगळं असंच चालतं, आपल्याला कोण काढतंय! आमचे अध्यक्ष निवृत्त प्लंबर. त्यांनी एवढंच विचारलं, “सोमवार ते रविवार किल्ली कुणाकडे?” मग आम्ही मसुदा आतून वाचला. वापराचे तास ठरलेले होते, उरलेल्या वेळी जागा इतरांना देण्याची मुभा होती, आणि तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवता येत होता. ते खरोखरच लायसन्स होतं. तिथे लेथ बोल्टने बसवणं म्हणजे वेडेपणा झाला असता.

याच जोडीतला आणखी एक गैरसमज भाड्याचा. वर्षाला एक डॉलर भाडं आहे म्हणजे नुसती परवानगीच असणार, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एक डॉलरवरही पक्कं लीज होतं, आणि महिन्याला हजार डॉलर घेऊनही लायसन्स लायसन्सच राहतं. तसाच काउन्सिलबरोबरचा सामंजस्य करार. त्यात भागीदारीच्या चांगल्या गोष्टी लिहिलेल्या असतात, फोटोही निघतात, पण त्याने सहसा जागेचा हक्क मिळत नाही. तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि जागेचा कागद वेगळा मागा.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, काउन्सिलच्या जमिनीचे दोन वर्ग आहेत, आणि शेडवाल्याने सगळ्यात आधी हे विचारावं: ही जमीन ‘कम्युनिटी’ वर्गातली की ‘ऑपरेशनल’? बागा, मैदानं, सार्वजनिक हॉल साधारणपणे पहिल्या वर्गात येतात. १९९३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार अशी जमीन काउन्सिलला विकता येत नाही. ती लीजवर किंवा लायसन्सवर द्यायची तर त्या जमिनीच्या व्यवस्थापन आराखड्यात तशी तरतूद असावी लागते. आराखड्यात नसेल तर समोरचा अधिकारी कितीही अनुकूल असला तरी त्याचे हात बांधलेले असतात; त्याच्यावर चिडून उपयोग नाही, आधी आराखडा बदलण्याची मागणी करायची. तसा करार करण्यापूर्वी साधारणपणे जाहीर नोटीस निघते आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. पाच वर्षांहून जास्त मुदतीसाठी एरवी टेंडर काढावं लागतं, पण ना-नफा संस्थेला त्यातून सूट आहे. एवढ्या मुदतीला कुणाची हरकत आली नाही तर काउन्सिल स्वतःच्या अधिकारात २१ वर्षांपर्यंत जाऊ शकते; हरकत आली किंवा मुदत त्यापुढे गेली तर मंत्र्यांची संमती लागते. ध्यानात घ्या, हे सगळं लीज आणि लायसन्स दोन्हींना लागू आहे. म्हणून ‘लायसन्स घेऊ, ते लवकर होईल’ हा सल्ला अर्धाच खरा. छोट्या मुदतीचं काहीही लवकर होतं.

लीजसाठी आधी तुमचं स्वतःचं कायदेशीर अस्तित्व हवं. दहा मित्रांच्या गटाच्या नावाने लीज होत नाही. संस्था नोंदवावी लागते, त्यासाठी या राज्यात किमान पाच सदस्य लागतात. नोंदणीचं नाव आणि करारावरचं नाव अक्षरशः एक असू द्या. विमा मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो: त्रयस्थाला इजा झाली तर भरपाईचा, आणि काउन्सिल साधारणपणे दोन कोटी डॉलरचा मागतात. परवानगीवर आहोत म्हणजे जबाबदारी काउन्सिलची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मग लीजच चांगलं का? नेहमी नाही, आणि हे मी लीज असलेल्या शेडचा माणूस म्हणून सांगतो. ताब्याबरोबर इमारतीची काळजीही येते. किती येते ते कलमांवर ठरतं. आतली डागडुजी, गटार, वीज, पाणी, अग्निशामकांची तपासणी हे बहुधा भाडेकरूकडे येतं. छप्पर आणि भिंती काउन्सिलकडे राहतील असं लिहून घ्यावं लागतं. जुन्या इमारतींत एक गोष्ट आवर्जून बघा: ॲस्बेस्टॉस. इथे त्याच्यावर पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या हॉलमध्ये सिमेंटच्या पत्र्यांत, भिंतींत ते असू शकतं. धूळ ओढणाऱ्या यंत्राचा पाइप बाहेर काढण्यासाठी अशा भिंतीला भोक पाडलंत तर विषारी तंतू हवेत जातात, आणि ते साफ करण्याचा खर्च एखाद्या शेडची दहा वर्षांची शिल्लक खाऊन टाकेल. सही करण्यापूर्वी काउन्सिलकडून ॲस्बेस्टॉसची नोंदवही मागा. ते काढण्याचा खर्च कुणाचा, ते करारात स्पष्ट हवं.

माझं मत असं. शेड नवीन असेल, माणसं आठ-दहा, काम लाकडी खेळणी, सायकल दुरुस्ती, रंधा-पटाशीचं, तर वर्ष-दोन वर्षांचं लायसन्स घ्या आणि मशीनला चाकं लावा. शेजारच्या शेडवाल्यांचं तेच चाललं आहे आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त माणसं येतात. जड मशीन आली, थ्री-फेज वीज ओढायची झाली, स्वतःच्या पैशाने फरशी किंवा रॅम्प करायचा झाला, की लीजशिवाय एक डॉलरही जमिनीत घालू नका. अनुदान देणारेही विचारतात की जागा किती वर्षं तुमच्या हातात आहे. तीस दिवसांच्या नोटिशीचं लायसन्स दाखवून वीस हजारांच्या सुधारणेसाठी पैसे मागणं जड जातं. आणि लायसन्सवर असाल तर निदान तीन गोष्टी मागून बघा: नोटीस सहा महिन्यांची, सामान ठेवायला स्वतःच्या कुलपाची खोली, आणि ठरलेले वार तुमच्या संमतीशिवाय बदलणार नाहीत असं कलम. यातली खोली सहसा मिळते.

आपल्याकडे महापालिकांच्या विरंगुळा केंद्रात बसणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघांनीही आपला कागद एकदा काढून वाचावा. वर नाव काहीही असो. मुदत किती, किल्ली कुणाकडे, आणि त्याच खोलीत आणखी कुणाला बसवता येतं, ही वाक्यं शोधावी.

एक शेवटची गोष्ट बोल्टची. जमिनीला जोडलेली वस्तू जमिनीच्या मालकाची होते का, हा कायद्यातला जुना वाद आहे. भाडेकरूने कामासाठी बसवलेलं यंत्र त्याला जाताना काढून नेता येतं, असं सर्वसाधारणपणे मानतात, पण आम्ही मानण्यावर सोडलं नाही. आमच्या लीजच्या शेवटच्या पानावर यादी आहे: लेथ, पिलर ड्रिल, धूळ ओढण्याचं यंत्र आणि त्याचा पाइप, वर्कबेंच सहा, व्हाइस चार. खाली एक ओळ: ही मालमत्ता शेडची, मुदत संपल्यावर शेडने काढून न्यावी आणि जमिनीतली भोकं सिमेंटने बुजवून द्यावी.