चालकाचा बॅकरेस्ट (टूरिंग मोटरसायकल)

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवर चालकाच्या कंबरेला मागून आधार देणारा, उंची आणि कल बदलता येणारा टेकू. मागे बसणाऱ्याचा बॅकरेस्ट वेगळा. तो मागच्या मडगार्डाच्या वर पक्का असतो आणि बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच लागून येतो. चालकाचा बॅकरेस्ट दोन बैठकांच्या मधून वर येतो आणि बहुतेकदा गाडी घेतल्यावर बसवून घ्यावा लागतो. हार्ली-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइड, रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड या गाड्यांवर आणि होंडा गोल्ड विंगवर, विशेषतः अमेरिकेत, तो सर्रास दिसतो.

त्याची गरज बसण्याच्या ढबीतून येते. साध्या मोटरसायकलवर पाय जवळजवळ अंगाखाली असतात, त्यामुळे खड्डा दिसला की चालक पायांवर जोर देऊन अंग उचलतो. हार्लीच्या टूरिंग गाड्यांवर फूटबोर्ड बरेच पुढे असतात. पायांवर भार घेता येत नाही, सगळे वजन बैठकीवर येते आणि हादरे थेट कण्यात जातात. काही वेळाने कंबरेच्या पाच मणक्यांचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि पाठीला पोक येते. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेम्सन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांमधला दाब सुई घालून प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त भरला. कंबरेला योग्य जागी टेकू मिळाला की हा दाब उतरतो. बॅकरेस्टचे काम एवढेच आहे. आरामखुर्चीसारखे मागे रेलण्यासाठी तो नाही. रेलणाऱ्याचे हात ताणले जातात आणि हँडलवरचा ताबा सुटतो.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. कॉर्बिन, मस्टँग अशा बैठका बनवणाऱ्या कंपन्या बैठकीच्या तळपट्टीतच खोबण ठेवतात आणि टेकू त्यात वरून खोचला जातो. दुसऱ्या प्रकारात लोखंडी कंस बैठकीखाली चेसिसला बोल्टने आवळतात आणि त्यातून पॅडचा, म्हणजे पाठ टेकते त्या गादीचा, दांडा वर येतो. चेसिसवर घेतलेली जोडणी अधिक भरवशाची, कारण पाठीचा जोर बैठकीच्या प्लास्टिकवर येत नाही.

हार्लीवर काम बैठक काढण्यापासून सुरू होते. मडगार्डावरचा मागचा स्क्रू काढून बैठक मागे सरकवली की तिची पुढची जीभ चेसिसच्या खाचेतून सुटते आणि बैठक पकडपट्ट्याखालून (मागे बसणाऱ्याने धरायचा, बैठकीवरून आडवा जाणारा पट्टा) बाहेर येते. कंसाचे सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्यावेत आणि मगच आवळावेत. एक बोल्ट आधी घट्ट केला तर बाकीची भोके जुळत नाहीत. बोल्ट घालण्याआधीच आट्यांवर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) लावावा आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) किटच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळावे. बैठकीखालून जाणाऱ्या तारा कंसाखाली चेपल्या नाहीत ना, हे बोटाने चाचपून पाहावे. बैठक परत बसवल्यावर तिची पुढची कड वर ओढून बघावी. कंस आडवा येत असेल तर जीभ खाचेत पूर्ण शिरत नाही आणि बैठक पुढून उचलली जाते.

भारतात एक गोष्ट विशेष जपावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला कायमची हातपकड लागते. टेकूला अडथळा होतो म्हणून पकडपट्टा काढून ठेवणे म्हणूनच चुकीचे. पट्टा जागेवर राहील असाच किट निवडावा.

खरी मेहनत यापुढे आहे, आणि बरेच जण ती करत नाहीत. पॅडचा मध्य चालकाच्या कमरपट्ट्याच्या रेषेच्या जरा वर, कंबरेच्या खोलगट भागात आला पाहिजे. पॅड वर चढवला तर तो बरगड्यांच्या मागे टेकतो आणि कंबर पोकळच राहते. ही जुळवणी प्रवासाचे जॅकेट घालूनच करावी. जॅकेटमधल्या पाठकवचाची खालची कड नेमकी कंबरेशी संपते. साध्या शर्टावर बरोबर वाटलेला पॅड त्या कडेला ढोसतो आणि कवच मानेकडे सरकते. अंतर ठरवताना कोपरे किंचित वाकलेली हवीत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. बाहेरचा हात पोहोचवण्यासाठी पाठ टेकूवरून उचलावी लागत असली तरी चालेल, पण टेकूमुळे चालक टाकीकडे ढकलला जात असेल तर पॅड मागे घ्यावा. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर आधीसारखेच टेकतात का, हेही बघावे, कारण पुढे आलेला पॅड चालकाला बैठकीच्या अरुंद किंवा रुंद भागावर नेतो.

मागे कोणी बसणार असेल तर पॅड पुढे दुमडणारा हवा, नाहीतर चढताना-उतरताना पाय अडकतो. एकट्याच्या प्रवासात पॅडच्या मागे सामान बांधू नये. ते कलंडले तर पाठीवर येते. ज्या गाड्यांवर चालकाला वारंवार उभे राहावे लागते, म्हणजे अॅडव्हेंचर गाड्या, किंवा जिथे अंग पुढे झुकलेले असते त्या स्पोर्ट गाड्या, त्यांवर हा टेकू निरुपयोगी आहे. घाटातल्या तीव्र वळणावर, किंवा हळू वेगात गाडी वळवताना अंग बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्यांनी पॅड एक खाच मागे ठेवावा. पहिल्या लांब प्रवासानंतर कंसाचे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि दांडा बैठकीच्या रेक्झिनला घासतो का ते बघावे. घासत असेल तर तिथे रबराची पट्टी लावावी.