सरांच्या नावाची ठेव : कॉलेजातल्या शिष्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

विभागातले दोन-तीन प्राध्यापक एकाच वर्षी निवृत्त झाले की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक सूचना हमखास येते : शाल-श्रीफळ आणि चांदीची मूर्ती पुरे, सगळ्यांच्या नावाने मिळून शिष्यवृत्ती सुरू करू. सरही बहुधा हेच म्हणतात, आणि पुष्कळदा स्वतःचा चेक सगळ्यात आधी देतात. या प्रथेची मुळं शोधायला गेलं तर आपण थेट पेशवाईत पोहोचतो.

विद्वानांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची रीत सेनापती खंडेराव दाभाडे यांच्यापासून चालत आली. पुढे ती पेशव्यांनी उचलली आणि पर्वतीजवळच्या रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटायच्या बंदिस्त आवारात, ब्राह्मणांची झुंबड उडू लागली. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं ती एकदम बंद केली नाही. त्यातल्या पैशाला त्यानं शिक्षणाकडे वळवलं; 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. शतकाच्या मध्यावर लोकहितवादी आणि पुण्याच्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्या. सनातनी मंडळी खवळली, पण दक्षिणा प्राइज कमिटी झाली. त्यापुढचा टप्पा दक्षिणा फेलोशिपचा. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. एका धर्मादायाचं पन्नासेक वर्षांत विद्यावेतन झालं, ही गोष्ट मला आजच्या कुठल्याही निधीपेक्षा मोठी वाटते.

निरोपाच्या वेळी वर्गणी काढायची, ही दुसरी धार मुंबईची. 1827 मध्ये हाच एल्फिन्स्टन मुंबईचं गव्हर्नरपद सोडून विलायतेला परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी सव्वादोन लाखांच्या वर रक्कम जमवली. ती वाटून न टाकता गुंतवली आणि व्याजातून प्राध्यापक नेमायचे ठरवलं. त्यातून 1830च्या दशकात ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोन प्राध्यापक आले व एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. मूळ रक्कम कायम ठेवायची आणि व्याज वापरायचं, हे आजच्या प्रत्येक निधीच्या नियमावलीतलं पहिलं कलम तिथंही होतंच. त्याच काळात गव्हर्नर लॉर्ड क्लेअरच्या नावाने शिष्यवृत्ती निघाली. दादाभाई नौरोजी हे क्लेअर स्कॉलर. म्हणजे नावं आधी गोऱ्या साहेबांची लागली. नाना शंकरशेट 1865 मध्ये वारले, त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला लागली, आणि 'शंकरशेट स्कॉलर' हे घराघरात कौतुकाने घेतलं जाणारं बिरुद झालं. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली.

प्राध्यापकाचं नाव त्या मानाने उशिरा आलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी 75 रुपये पगारावर वीस-वीस वर्षं शिकवलं. अशा माणसाला निवृत्तीच्या वेळी ठेव ठेवायला पैसे कुठून असणार? जे काही होई ते विद्यार्थी आणि चाहते करत. भांडारकर 1893 मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 ला, त्यांच्या नावाची संस्था निघाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह दिला, टाटांनी इमारतीला पैसे दिले. अर्थात इतकं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांना 1982 च्या ऑक्टोबरपासून पेन्शन लागू झालं आणि चित्र बदललं. निवृत्त होणाऱ्याच्या हातात ग्रॅच्युइटी येऊ लागली, दरमहाची चिंता मिटली, आणि आई-वडिलांच्या स्मरणार्थ पाच-दहा हजारांची ठेव देणं शक्य झालं. जुन्या कॉलेजची माहितीपुस्तिका उघडा. मागच्या पानांवर बारीक टायपात यादी असते : तृतीय वर्षात अमुक विषयात प्रथम येणाऱ्यास, कै. सौ. तमुक यांच्या स्मरणार्थ, रु. 51. काही विषय बंदही पडलेले असतात, पण बक्षीस छापलं जातंच.

ते 51 रुपये देणगीदाराच्या कंजूषपणाचे नव्हेत. 1990च्या दशकाच्या मध्यात मुदत ठेवीवर 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. 25 हजारांवर वर्षाला तीन हजार. 2020-21 मध्ये दर पाच-साडेपाचवर आले, म्हणजे तेराशेच्या आसपास. दरम्यान फी, मेस आणि खोलीभाडं कितीतरी पटींनी वाढलं. ट्रस्टच्या कायम निधीचे पैसे प्राप्तिकर कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवता येतात, त्यामुळे कॉलेजला जास्त परताव्यामागे धावण्याची सोय नाही. म्हणूनच आता जाणते माजी विद्यार्थी एकेका सरांची वेगळी चिमुकली ठेव टाळून विभागाचा एकच निधी करतात, व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात परत टाकण्याची अट घालतात, आणि विषय बंद पडला तर पैसे कुठे वळवायचे हेही देणगीपत्रात लिहून घेतात.

एक पेच मात्र पुढे आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनं पेन्शन नाही, आणि कितीतरी वर्ग आज तासिका तत्त्वावरचे शिक्षक चालवतात. त्यांची नेमणूक वर्षाअखेरीस संपते. निरोप समारंभ होत नाही, ग्रॅच्युइटी नाही, म्हणून निधी काढण्याचं निमित्तही नाही. पण आजच्या मुलांना शिकवलंय ते बऱ्याच अंशी त्यांनीच.