कास्टिंग (टीव्हीवरचं)

कास्टिंग म्हणजे फोनवर किंवा लॅपटॉपवर निवडलेला व्हिडिओ घरच्या वायफायवरून मोठ्या टीव्हीवर चालू करणं. बोलताना 'टीव्हीवर टाक', 'टीव्हीला लाव' एवढंच म्हणतात. इंग्रजीत कास्ट म्हणजे फेकणे, ब्रॉडकास्टमधला कास्ट तोच. आपल्याकडे हा शब्द ऐकला की आधी नटांची निवड आठवते नाहीतर फॉर्मवरचा जातीचा रकाना, त्याचा इथे काही संबंध नाही.

मिररिंग वेगळं. त्यात फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर उमटते, फोन सतत चित्र एन्कोड करून (पाठवण्याजोग्या रूपात दाबून) पाठवत बसतो, त्यामुळे तो तापतो, बॅटरी उतरते आणि मध्येच आलेला मावशीचा गुड मॉर्निंग मेसेज सगळं घर वाचतं. 2012 चं मिराकास्ट हे तंत्र या प्रकारातलं, त्याला राउटरसुद्धा लागत नाही. कास्टिंगमध्ये फोन फक्त व्हिडिओचा पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतःच इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून व्हिडिओ आणतो, म्हणून फोन लॉक करून खिशात टाकला तरी पिक्चर चालूच राहतो. फोनमधले स्वतःचे फोटो टीव्हीवर टाकले की मात्र माल फोनमधूनच जातो, तेव्हा ही व्याख्या थोडी ताणावी लागते.

उगम

कास्टिंग कुणी आणि कधी सुरू केलं यावर एकमत नाही, आणि वाद मुळात कास्टिंग कशाला म्हणायचं याचाच आहे. एक बाजू अ‍ॅपलचं 2010 चं एअरप्ले पुढे करते. ते 2004 च्या एअरट्यून्सचं वाढवलेलं रूप, आधी नुसती गाणी जायची मग व्हिडिओपण जायला लागला. दुसरी बाजू 24 जुलै 2013 ला आलेलं गूगलचं क्रोमकास्ट धरते, 35 डॉलरची काडी, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचायची, रिमोट नाही मेनू नाही, त्यामुळे फोन नसेल तर निव्वळ शोभेची. शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो बहुधा याच काडीमुळे.

पण कल्पना म्हणून बघायचं तर दोन्ही दावे उशिराचे वाटतात. 2002 च्या यूपीएनपी एव्ही या, घरातल्या उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या स्टँडर्डमध्येच तीन कामं वेगळी केली होती, माल ठेवणारा सर्व्हर, दाखवणारा रेंडरर आणि हुकूम सोडणारा कंट्रोल पॉइंट, आणि हुकूम सोडणाऱ्याच्या हातून व्हिडिओ गेलाच पाहिजे अशी काही अट नव्हती. पुढे डीएलएनए या त्यावरच बेतलेल्या नियमावलीमुळे हेच बऱ्याच टीव्हींमध्ये आलं. फरक असा की तिथे माल साधारणपणे घरातल्याच कॉम्प्युटरवर असायचा आणि फॉरमॅट जुळला नाही की टीव्ही सरळ हात वर करायचा.

मधला दुवा म्हणजे डायल हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायचे नियम. नेटफ्लिक्स आणि यूट्यूबने मिळून केलेला, 2013 च्या सुरुवातीला चर्चेत आला. यात फोन टीव्हीला फक्त 'हे अ‍ॅप उघड' म्हणतो, पुढची बोलणी अ‍ॅप आपलं आपण करतं. टीव्ही शोधायची रीत यूपीएनपीचीच उचललेली: 239.255.255.250 या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर 1900 पोर्टला हाक मारायची आणि जो ओ देईल तो आपला टीव्ही. सुरुवातीचं क्रोमकास्टही डायल बोलायचं, नंतर गूगल एमडीएनएस या उपकरणं शोधायच्या दुसऱ्या रीतीकडे वळलं (पत्ता 224.0.0.251, पोर्ट 5353). हा वारसा बघता मूळ 2002 च्या आसपासचं आणि आजचं रूप 2013 चं, असं धरणं जास्त पटतं.

चालतं कसं

टीव्ही शोधायची ही हाक घरच्या नेटवर्कबाहेर जात नाही. फोन मोबाईल डेटावर राहिला किंवा गेस्ट वायफायला जोडला गेला की कोपऱ्यात तीन रेघा असलेलं कास्टचं ते चौकोनी चिन्ह दिसतच नाही, आणि मग लोक टीव्हीला दोष देतात. हॉटेल-हॉस्टेलमध्ये राउटर बऱ्याचदा मुद्दामच एकाचं उपकरण दुसऱ्याला दिसू देत नाही, तिथे वायफाय एकच असूनही काम होत नाही. पहिलं क्रोमकास्ट तर वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालायचं. पाहुण्याचा फोन घरच्या वायफायवर नसला तर काय, यावर 2014 मध्ये क्रोमकास्टमध्ये गेस्ट मोड आला होता, टीव्हीच्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज काढायचा आणि पाहुण्याच्या फोनने तो ओळखायचा. डोकं भारी होतं, पण सोय पुढे काढून टाकली.

भारतात

क्रोमकास्ट इथे डिसेंबर 2014 मध्ये 2,999 रुपयांना आलं. पण खरा जोर 2016 नंतर, जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. 2017 मध्ये फायर टीव्ही स्टिक 3,999 रुपयांत आली, तिला स्वतःचा रिमोट होता, शिवाय अँड्रॉइड टीव्हीत कास्टिंग आतच असायला लागलं, त्यामुळे वेगळ्या काडीची गरज कमी होत गेली. मराठी घरांत झी फाइव्हवरच्या मालिका आणि यूट्यूबवरची जुनी नाटकं अशीच फोनवरून टीव्हीवर चढली.

गूगलने ऑगस्ट 2024 मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन बंद केलं. 2025 च्या अखेरीस नेटफ्लिक्सने फोनवरून बहुतेक नव्या टीव्हींवर कास्ट करणं थांबवलं, म्हणजे डायल घडवणाऱ्या दोघांपैकीच एक बाजूला झाला. रिमोट नसलेल्या जुन्या काड्यांवर मात्र जाहिरातीविना प्लॅन असेल तर ते चालू ठेवलं.