दशैं-तिहार, परदेशस्थ नेपाळी समाजातील

नेपाळबाहेर राहणाऱ्या नेपाळी भाषकांचे आश्विन-कार्तिकातील दोन मुख्य सण आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले मंडळांचे, भिशीचे व परस्परमदतीचे जीवन. दशैं म्हणजे आपला नवरात्र-दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी, एवढे सांगितले की तोंडओळख होते. दशैंत घटस्थापना आहे, देवी आहे, बळीही आहे. पण ज्यासाठी माणूस दिवसभर बसचे धक्के खाऊन आणि पुढे डोंगर चढून गावी जातो, तो विजयादशमीचा टिळा. तांदूळ, दही आणि अबीर कालवून केलेला हा जाड लाल लेप आईवडील, काका, मामा, आजोळची म्हातारी माणसे धाकट्यांच्या कपाळावर थापतात. (नेपाळीत त्याला ‘टीका’ म्हणतात, मराठीत तो शब्द भलतेच काही सांगतो, म्हणून येथे टिळा. नेपाळी अबीरही लाल असतो, पंढरपूरच्या बुक्क्यासारखा काळा नव्हे.) परदेशात तांदूळ, दही, रंग सगळे मिळते, टिळा लावणारा हात मिळत नाही. त्या उणिवेची भरपाई कुठे कशी झाली, हे पाहिले की परदेशस्थ नेपाळी समाजाची बरीचशी घडण उलगडते.

दशैं घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत (तिकडे ‘कोजाग्रत पूर्णिमा’) पंधरा दिवस चालतो. पहिल्या दिवशी वाळूत जव पेरून ते अंधाऱ्या खोलीत ठेवतात. उजेड न लागल्याने अंकुर पिवळे उगवतात, हाच जमरा. दहाव्या दिवशी तो मुलींच्या केसांत आणि मुलांच्या कानामागे खोवला जातो. दसऱ्याला घटाचे धान टोपीत खोवणारी खेडी महाराष्ट्रात अजून आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. टिळा लावताना पुरुषांसाठी ‘आयु द्रोणसुते…’ हा श्लोक म्हणतात: अश्वत्थाम्याचे आयुष्य, दशरथाची श्री, रामासारखा शत्रुनाश आणि पुढे चक्क दुर्योधनाचा मान लाभो, असा त्याचा आशय. स्त्रियांसाठी ‘जयन्ती मंगला काली…’. टिळ्याचा क्रम वयाने आणि नात्याने ठरलेला असतो. म्हणून पौर्णिमेपर्यंत लोक एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहतात, दक्षिणेच्या कोऱ्या नोटा हातोहात जातात आणि खसीचे (खच्ची बोकडाचे) मटण शिजत राहते. भावकीत कोणी वारले असेल तर सुतक धरून टिळा वर्ज्य. आईवडिलांपैकी कोणी गेले तर वर्षभराची ‘बरखी’. हा नियम परदेशात राहणारी कितीतरी घरे आजही कसोशीने पाळतात.

नेपाळी माणसाचे बाहेर जाणे जुने आहे. मोगलांचा मुलूख या अर्थाने भारताला ‘मुग्लान’ म्हणत. रणजितसिंहाच्या फौजेत चाकरीला लाहोरला गेलेले ते ‘लाहुरे’. पुढे कोणत्याही परक्या सैन्यात भरती होणाऱ्याला हेच नाव चिकटले. इंग्रजांनी १८१५ पासून गुरखा पलटणी उभारल्या आणि १९४७ च्या त्रिपक्षीय करारान्वये त्या भारत व ब्रिटन यांच्यात वाटल्या गेल्या. नेपाळने १९८५ मध्ये परदेशी रोजगाराचा कायदा केला. त्यानंतर, विशेषतः १९९० च्या पुढे, आखात आणि मलेशियाकडे मजुरांचा ओघ लागला. विद्यार्थी ऑस्ट्रेलियाकडे वळले, व्हिसा लॉटरीतून काही अमेरिकेत पोचले, दक्षिण कोरियाने सरकारी करारातून कामगार नेले. जपानमध्ये ‘इंडियन करी’ची पाटी लावलेल्या असंख्य उपाहारगृहांचे मालक व आचारी प्रत्यक्षात नेपाळी असतात, आणि त्यांतले पुष्कळसे बागलुंग जिल्ह्यातल्या गलकोट या एकाच भागातले. २०२१ च्या नेपाळी जनगणनेत सुमारे २२ लाख माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली. ती मोजणी घरी राहिलेल्यांना विचारून केलेली. जे सगळे कुटुंब घेऊन निघून गेले, त्यांच्याबद्दल सांगायला मागे कोण उरणार?

ब्रिटनमधला समाज पलटणीतून घडला. गुरखा ब्रिगेडचे ठाणे १९९७ मध्ये हाँगकाँगहून इंग्लंडला हलले. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना २००४ मध्ये तेथे स्थायिक होण्याची वाट मिळाली. आधी निवृत्त झालेल्यांना मात्र २००९ पर्यंत झगडावे लागले. जोआना लम्ली या अभिनेत्रीने त्या लढ्याला आवाज दिला. तिचे वडील गुरखा पलटणीत अधिकारी होते. मग हॅम्पशरमधील ऑल्डरशॉट व फार्नबरो, केंटमधील फोकस्टन, लंडनमधील प्लमस्टेड येथे वयस्क माजी सैनिक आणि त्यांच्या बायका येऊन राहिल्या. ऑल्डरशॉट-फार्नबरोचा जो रशमूर तालुका, तेथे इंग्रजीच्या खालोखाल नेपाळी बोलली जाते. परदेशस्थ नेपाळी वस्त्यांत ही एक विरळा वस्ती, कारण इथे म्हातारी माणसे आहेत. टिळ्यासाठी रांग लावायला खरोखरचे आजोबा मिळतात, आणि ते बहुधा निवृत्त सुभेदार असतात.

सिडनीत किंवा टेक्सासात असे आजोबा नसतात. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये जन्मलेल्यांची संख्या १ लाख २२ हजारांवर गेली, पाच वर्षांत दुपटीहून अधिक; आणि त्यांत बहुसंख्य विशी-तिशीतले. सिडनीच्या रॉकडेल उपनगरात मोमोची दुकाने, नेपाळी किराणा आणि विद्यार्थी सल्लागारांच्या पाट्या एकाच ओळीत दिसतात. येथे चार-पाच मित्र एका भाड्याच्या घरात राहतात आणि त्यांच्यातला वयाने मोठा, कधी जेमतेम तिशीचा, पाटावर बसून बाकीच्यांना टिळा लावतो. आईवडील काठमांडूहून किंवा चितवनहून व्हिडिओ कॉलवर श्लोक म्हणतात. इकडे मुलगा स्वतःच्या बोटांनी स्वतःच्या कपाळावर लेप लावतो. मुहूर्त नेपाळी वेळेने, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे ५ तास ४५ मिनिटे, धरायचा की इथल्या सूर्योदयाने, हा वाद दरवर्षी नव्याने होतो. जमऱ्याचीही गंमत आहे. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर बियाणे अडवतात, त्यामुळे जव तिथल्याच दुकानातून आणून कपड्यांच्या कपाटात किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात पेरतात. दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत असतो. शरदाचा सण वसंतात करताना बिचारा जव मात्र ठरल्याप्रमाणे पिवळाच उगवतो.

पंचांगाने पहिली माघार घेतली ती शनिवार-रविवारपुढे. विजयादशमी बुधवारी आली तर घरचा टिळा बुधवारी सकाळी कामावर जाण्याआधी आणि मंडळाचा ‘दशैं भेटघाट’ कार्यक्रम सोयीच्या शनिवारी, भाड्याच्या सभागृहात, तिकीट लावून. त्यात भाषणे फार होतात. हे नेपाळी लोकच हसत सांगतात, आणि मराठी मंडळांचे सभासद ते मान डोलावून ऐकतील. बोकडाची सोय शहराबाहेरच्या शेतावर गटागटाने जाऊन, वाटे घालून होते. भाद्रपदातल्या तीजेचेही तसेच. तीज म्हणजे आपली हरितालिका, तिथीही तीच. नेपाळात आदल्या रात्री बायका माहेरी जमून ‘दर’ खातात, म्हणजे उपवासाआधी भरपेट जेवतात. परदेशात हे दर महिनाभर आधीपासून, एकेका शनिवारी एकेका मंडळाचे, असे चालते. लाल साड्या, तीजेची गाणी आणि सासरच्या तक्रारी मात्र मूळच्याच. उपवास किती जणी करतात हा वेगळा प्रश्न.

तिहारने परदेशात सर्वांत चांगला जम बसवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाच दिवसांचा हा सण: पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, तिसरा गाईचा व लक्ष्मीचा, चौथा बैलाचा व गोवर्धनाचा, पाचवा भाइटीका म्हणजे भाऊबीज. कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातलेली छायाचित्रे जगभर फिरतात, त्यामुळे हा एक दिवस परक्यांनाही ठाऊक झाला आहे. गाय शोधणे अवघड म्हणून चित्राला किंवा मूर्तीला हार घालतात. भाइटीकेला बहीण उंबऱ्यावर अक्रोड फोडते, भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते आणि मखमली फुलांची माळ घालते. मखमलीचे फूल सुकले तरी रंग सोडत नाही. बहीण जवळ नसेल तर मैत्रीण, शेजारीण, मित्राची बहीण. मानलेल्या नात्याला नेपाळीत ‘मीत’ लावण्याची जुनी प्रथा आहेच, त्यामुळे हे कोणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटत नाही.

आणि देउसी-भैलो. संध्याकाळी टोळ्या दारोदार जातात. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ‘देउसी रे’ म्हणून ठेका धरतात, घरधनी सुपात तांदूळ, सेलरोटी (तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी) आणि पैसे ठेवतो. ‘रातो माटो, देउसी रे, चिप्लो बाटो, देउसी रे, लड्दै पड्दै आएका हामी’: लाल माती, निसरडी वाट, धडपडत आलो आम्ही. ही ओळ टेक्सासच्या इमारतींखाली, मोटारी लावण्याच्या डांबरी जागेवर, माती कुठेच दिसत नसताना म्हटली जाते. ओळी तेथेच रचल्याही जातात. यजमानाच्या नव्या घराची, व्हिसाची, पोटाच्या घेराची थट्टा होते. जमलेले पैसे पूर्वी टोळी वाटून घेई. परदेशात ते गावच्या शाळेला, एखाद्याच्या उपचाराला किंवा सामाजिक भवनाच्या निधीत जातात. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा देउसीला दारोदार फिरायची सवय झालेली माणसेच तंबू-पांघरुणांची वर्गणी मागत फिरली.

सण मागे पडून मदतच पुढे येते, अशा संस्था यातूनच समजतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात शेर्पांची ‘क्यिदुग’ आहे. या शब्दाचा अर्थ सुख आणि दुःख, आणि संस्थेचे काम नेमके तेवढेच. पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत तिने गोंपा (बौद्ध मठ) केला. तेथे ल्होसार (नववर्ष) साजरा होतो आणि अंत्यविधीही. नेवारांनी ‘गुठी’ ही काठमांडू खोऱ्यातली जुनी सामाईक व्यवस्था लंडनला नेली. इसवी सन ८७९ पासून मोजल्या जाणाऱ्या नेपाळ संवताच्या पहिल्या दिवशी ते म्ह पूजा करतात, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या मंडलासमोर बसून स्वतःच्याच देहाची पूजा करायची. थकाली व्यापाऱ्यांकडून सर्वत्र पसरलेली ‘ढुकुटी’ ही तर सरळ आपली भिशी. हाँगकाँगपासून न्यूयॉर्कपर्यंत किती दुकाने तिच्यावर उभी राहिली याचा हिशेब कोणत्याही बँकेकडे नाही; बुडालेल्या ढुकुट्यांच्या कहाण्याही तेवढ्याच आहेत.

मात्र दशैं सर्व नेपाळींचा, हे विधान जपून करावे लागते. १९९० नंतरच्या जनजाती (आदिवासी समाजांच्या) चळवळीत अनेक राई, लिंबू, गुरुंग, तमांग लोकांनी दशैं हा राजसत्तेने लादलेला सण म्हणून नाकारला; काहींनी लाल टिळ्याऐवजी पांढरा धरला. परदेशात या गटांना आपापली संघटना उभारण्याची मोकळीक जास्त मिळाली. गुरुंगांचा तमु ल्होसार, किरातींचा साकेला नाच, लिंबूंचा चासोक तंगनाम, तराईतल्या मधेशींची छठ हे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. एकाच शहरात नेपाळी मंडळे वीस आणि नेपाळी माणसे दोन हजार, असा विनोद त्यावरून होतो. अमेरिकेत आणखी एक गाठ आहे. ओहायोतील कोलंबस, ॲक्रन, पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे दशैं दणक्यात करणारे हजारो लोक नेपाळचे नागरिक कधीच नव्हते. १९९० च्या सुमारास भूतानने घालवून दिलेले हे नेपाळी भाषक ल्होत्शाम्पा नेपाळच्या झापा-मोरङ जिल्ह्यांतल्या छावण्यांत सुमारे दोन दशके राहिले आणि २००८ पासून तिसऱ्या देशांत वसवले गेले. त्यांच्यात आजी-आजोबा आहेत, पुरोहित आहेत. टिळ्याला हात कमी पडत नाहीत. त्यांना परत जायला गाव मात्र नाही.

आखातात याच्या उलट: गाव आहे, रजा नाही. कतार, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया येथील कामगार छावण्यांत बहुतेक पुरुष, करार दोन-तीन वर्षांचा, सुटी बहुधा शुक्रवारची. मिरवणूक किंवा उघड्यावर पूजा करता येत नाही. पहाटे शिफ्टची बस येण्याआधी खोलीतला वडील माणूस टिळा लावतो. हेल्मेटच्या आत तो फार वेळ टिकत नाही. यांचा दशैं प्रत्यक्षात गावी होतो, यांच्या पैशावर. परदेशातून येणारी रक्कम नेपाळच्या सकल उत्पन्नाच्या पावपट भरते आणि दशैंच्या तोंडावर ती फुगते.

राहिला भारत. १९५० च्या करारामुळे सीमा खुली आहे, पारपत्र लागत नाही. आणि म्हणूनच भारतातला नेपाळी मजूर परदेशस्थांच्या हिशेबात धड बसत नाही. (दार्जिलिंग-सिक्कीमचे गोरखे वेगळे, ते भारतीय नागरिक.) २००३ मध्ये काठमांडूत गैरआवासीय (अनिवासी) नेपाळी संघ स्थापन झाला, २००७ मध्ये कायदा आला, २०१५ च्या संविधानात त्यांच्यासाठी वेगळ्या नागरिकत्वाची तरतूद झाली, या सर्वांतून सार्क देशांत राहणारे वगळलेले आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाबाहेर असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होते. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत रात्री काठी आपटत फिरणारा, ज्याचे नाव कोणी विचारत नाही आणि ज्याला सर्रास ‘बहादूर’ म्हटले जाते, तो बहुधा सुदूरपश्चिमेचा असतो: अछाम, बझाङ, बाजुरा, डोटी. त्याचा मोठा सण भाद्रपदातली गौरा. पाच धान्ये भिजवून केलेला ‘बिरुडा’, गौरीची पूजा आणि हातात हात गुंफून सवाल-जवाबात गायचा देउडा नाच. आपल्याकडे गौरी बसतात त्याच सुमारास तिकडे गौरा येते, हे त्याच्या सोसायटीत क्वचितच कोणाला ठाऊक असते.

दशैंआधी तो एखाद्या भावाला किंवा गाववाल्याला बदली म्हणून फाटकावर उभा करतो, दोन-तीन गाड्या बदलून बनबसा नाहीतर गौरीफंटा गाठतो आणि पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन सीमा ओलांडतो. अनिवासी म्हणून त्याची कुठेही नोंद नसते, आणि विजयादशमीला त्याच्या कपाळावर आईच्याच हातचा टिळा असतो.