अमेरिकन सरकारकडून कागदपत्रं मागवायचीत? फोयाचा अर्ज असा करा

आपल्याकडे आरटीआय टाकायचा तर भारतीय नागरिक असावं लागतं, पण अमेरिकेचा माहितीचा कायदा आहे ना, ज्याला तिथे सगळे फोया म्हणतात, त्यात ही अटच नाही. पुण्यात बसूनसुद्धा अर्ज टाकता येतो, पत्रकार असायची गरज नाही, कारणही सांगावं लागत नाही. फक्त परदेशी सरकारच्या वतीने सीआयएसारख्या गुप्तचर संस्थांकडे मागता येत नाही.

गल्लत होते ती अर्ज कोणाकडे टाकायचा यात. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे जवळचे सल्लागार या कायद्यात येत नाहीत, काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद आणि कोर्टंही नाहीत. कायदा लागू आहे तो खात्यांना, म्हणजे परराष्ट्र खातं, न्याय खातं, एफबीआय वगैरे. राष्ट्राध्यक्षांचे कागद १९७८ च्या वेगळ्या कायद्याने नॅशनल अर्काइव्हजकडे, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरखान्याकडे जातात आणि त्यांनी पद सोडल्यावर ५ वर्षांनी मागता येतात, काही तर १२ वर्षांपर्यंत बंद राहू शकतात.

हा कायदा सहज मिळालेला नाही हो. कॅलिफोर्नियाचे खासदार जॉन मॉस यांनी बारा वर्षं लावून धरला, वर्तमानपत्रांचे संपादक त्यांच्या मागे उभे राहिले, आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मनात नसताना ४ जुलै १९६६ ला सही केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणानंतर काँग्रेसने तो कडक केला तर १९७४ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी व्हेटो म्हणजे नकाराधिकार वापरला, मग दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो व्हेटोच उडवून लावला. उत्तराला मुदत आणि दडवलेली फाइल जजने स्वतः बघायची सोय, हे दोन्ही त्या भांडणातून आलंय, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

आता अर्ज. फोया डॉट गव्ह (foia.gov) या साइटवर खातं निवडायचं आणि कुठला कागद, कुठल्या तारखांमधला, कोणाचा पत्रव्यवहार ते नेमकं लिहायचं, "सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर अर्ज रखडणार. अर्जाला फी नाही. साध्या माणसाला शोधाचे पहिले २ तास आणि १०० पानं फुकट, पत्रकारांना शोधाचा खर्च अजिबात नाही, १०० च्या पुढच्या पानांचा तेवढा लागतो. पत्रकार असाल तर तसं लिहा, आणि किती डॉलरपर्यंत द्यायची तयारी आहे तेही लिहून टाका.

सरकारी कारभाराचे कागद मागताना ओळखपत्र लागत नाही. स्वतःची फाइल, समजा ग्रीन कार्डची, मागवायची असेल तर मात्र ओळख पटवावी लागते, त्यासाठी नोटरी करा किंवा माहिती खोटी निघाल्यास शिक्षेला पात्र राहीन असं लिहून सही द्या.

उत्तराची मुदत २० कामाचे दिवस, अडचण असेल तर अजून १०, प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षंही. कायद्यात नकाराची ९ कारणं आहेत, त्यातलं कुठलं लावलंय ते पत्रात बघा आणि ९० दिवसांच्या आत अपील करा, त्यालाही पैसे लागत नाहीत. अर्जाचा ट्रॅकिंग नंबर तेवढा सांभाळून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.