परतीची वाट राउटरला कोण सांगणार?

एका छोट्या कारखान्यात ऑफिस आणि गोदाम जोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०, गोदामाचं १९२.१६८.२.०. दोन्हीकडे एकेक राउटर, आणि त्यांना जोडणाऱ्या केबलच्या टोकांना ऑफिसकडे १०.०.०.१ आणि गोदामाकडे १०.०.०.२ हे पत्ते. ऑफिसच्या राउटरवर मी स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेली वाट, टाकला: १९२.१६८.२.० कडचं सगळं १०.०.०.२ च्या हवाली कर. राउटरवरूनच गोदामातल्या प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारा छोटा संदेश पाठवला, उत्तर आलं. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरून केलं, तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’.

दोन तास केबल आणि फायरवॉल तपासण्यात गेले. शेवटी गोदामाच्या राउटरवर पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, पकडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. प्रिंटर उत्तर देत होता, पण ते उत्तर इंटरनेटच्या लाइनवर निघून जात होतं.

राउटरला अख्खा रस्ता ठाऊक नसतो. पॅकेट कुठून आलं याच्याशीही त्याला एरवी देणंघेणं नसतं. जायचं कुठे तेवढं पाहायचं, आपल्या रूटच्या टेबलमध्ये शोधायचं आणि पुढच्या राउटरकडे सोपवायचं. उत्तराचं पॅकेट त्याच्या लेखी नवंच असतं. राउटरवरून केलेलं पिंग १०.०.०.१ या पत्त्यावरून गेलं होतं; ती केबल गोदामाच्या राउटरला थेट लागलेली, म्हणून उत्तर परत आलं. १९२.१६८.१.० मात्र त्याला अनोळखी. मग उरला डिफॉल्ट रूट, ०.०.०.०/०, म्हणजे ‘बाकी सगळं इंटरनेटकडे’. आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराचे, बाहेर त्यांना कोणी वाट देत नाही.

गोदामाच्या राउटरवर एक ओळ टाकली: आयपी रूट १९२.१६८.१.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१. पुढच्याच पिंगला अकाउंट्समध्ये उत्तर आलं.

डिफॉल्ट रूट तिथेच होता, तरी ही ओळ वरचढ ठरली. कारण दोन रूट लागू पडत असतील, तर राउटर जास्त नेमका रूट निवडतो. तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितके पत्ते कमी आणि रूट नेमका. माझ्या ओळीतलं २५५.२५५.२५५.० म्हणजेच /२४. /२४ मध्ये २५६ पत्ते, /० मध्ये सगळं जग. हा नियम मला फार सुंदर वाटतो, पण राउटर रूटच्या खरेपणाची शहानिशा करत नाही, हे विसरून चालत नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूबवर बंदी आली. ती अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ चा रूट वापरला, आणि २४ तारखेला तो देशाबाहेरच्या राउटरांपर्यंतही पोचला. यूट्यूबचा स्वतःचा रूट होता /२२ चा, १०२४ पत्त्यांचा. साहजिकच जगभरचे राउटर २५६ पत्त्यांच्या नेमक्या रूटमागे गेले आणि यूट्यूब सुमारे दोन तास बहुतेक ठिकाणी दिसेनासं झालं. यूट्यूबने आधी आपलाही /२४ जाहीर केला. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून /२५ चे, १२८-१२८ पत्त्यांचे रूट पाठवले, आणि ते जिथे पोचले तिथल्या राउटरांनी यूट्यूबची वाट पुन्हा धरली.