किमोतो साके

जपानी तांदूळमद्य साके गाळण्याची जुनी पद्धत आणि त्या पद्धतीने तयार झालेले मद्य. साकेच्या विरजणाला ‘मोतो’ किंवा ‘शुबो’ म्हणतात. वाफवलेला तांदूळ, कोजी (अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि पाणी यांच्या मिश्रणात आधी पुरेसे लॅक्टिक अम्ल असावे लागते, नाहीतर उपरे जीव यीस्टवर मात करतात. आज बहुतेक साकेत हे अम्ल बाहेरून घालतात (सोकुजो पद्धत). किमोतोत ते जीवाणूंकडूनच तयार करून घेतात.

उगमाविषयी एकमत नाही. मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) जपानमधील नारा येथील शोर्याकु-जी मठात ‘बोदाइमोतो’ हे आंबट विरजण वापरात होते. त्याची कृती ‘गोशु नो निक्की’ या हस्तलिखितात येते. मात्र त्याचा काळ काही अभ्यासक १३५५ मानतात, तर काही १४८९. किमोतो ही बोदाइमोतोचीच पुढची पायरी, असे बरेचदा लिहिले जाते. पण बोदाइमोतोत कच्चा तांदूळ व थोडा शिजवलेला भात पाण्यात ठेवून प्रथम आंबट पाणी तयार करतात आणि हे काम उबदार हवेतही साधते. किमोतो थंडीशिवाय जमत नाही. म्हणून जपानच्या इतामी भागात सतराव्या शतकात हिवाळी गाळप रुळले, त्याच्याशी तिचे नाते अधिक जवळचे वाटते. सु. १६८७च्या ‘दोमो शुझोकी’ या ग्रंथात त्या काळच्या गाळपाचे तपशीलवार वर्णन आहे. वेगळ्या विरजणांचा परस्परांवर प्रभाव पडलाच नसेल, असे मात्र म्हणता येत नाही.

सुमारे ६ ते ८° से. तापमानाचे मिश्रण ‘हांगिरी’ नावाच्या उथळ लाकडी टोपांत वाटून ठेवतात. भाताने पाणी शोषले की लांब दांड्यांनी ते काही तासांच्या अंतराने तीनदा चेचतात. हेच ‘यामाओरोशी’. लय व वेळ राखण्यासाठी कामगार गाणी म्हणत. नंतर सर्व टोपांतले मिश्रण एकत्र करून दोन-तीन दिवस थंड ठेवतात आणि पुढे गरम पाण्याने भरलेली बंद पिंपे (‘दाकिदारु’) त्यात बुडवून तापमान रोज थोडे वाढवतात.

या काळात जीवांची पाळी ठरलेली असते. आधी पाण्यातील जीवाणू नायट्रेटपासून नायट्राइट बनवतात. मग ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस वाढतो (हाच जीवाणू इडलीच्या पिठातही असतो) आणि त्यानंतर लॅक्टोबॅसिलस साकेई. नायट्राइट व अम्ल मिळून रानटी यीस्ट दबते. पुढे नायट्राइट नाहीसे होते, जीवाणूही मरतात आणि मग हवे ते यीस्ट वाढते. मिश्रण घाईने गरम केले किंवा पाण्यात नायट्रेट कमी असले, तर अम्ल जमण्याआधीच फेस येतो. या बिघाडाला ‘हायावाकी’ म्हणतात. तो टाळण्यासाठी काही ठिकाणी किंचित पोटॅशियम नायट्रेट घालतात. सोकुजो विरजण साधारण दोन आठवड्यांत तयार होते, किमोतोला सुमारे चार लागतात. १९०९ मध्ये कागी किनइचिरो यांनी चेचण्याची गरज नसल्याचे दाखवले आणि तेव्हापासून ‘यामाहाइ’ हा प्रकार आला. कोजीतील एंझाइमे पाण्यात आधी उतरवली, की भात त्यांनीच विरघळतो.

आस्वादनात (‘किकिझाके’) पांढऱ्या चिनीमातीचा, तळाशी दोन निळी वर्तुळे असलेला १८० मिलि.चा पेला वापरतात. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. साके सुमारे २०° से.ला ठेवतात. आधी वरचा वास घ्यावा. मग ५ ते १० मिलि. तोंडात घेऊन जिभेवर पसरावे, ओठांतून थोडी हवा ओढावी आणि नाकाने श्वास सोडावा. आतला वास (‘फुकुमिका’) तेव्हाच उमगतो. परीक्षक घोट थुंकतात. किमोतोत अम्लता व अमिनो अम्ले सहसा जास्त असतात, त्यामुळे भरीवपणा (‘कोकु’) आणि घोटानंतर चव स्वच्छ तुटणे (‘किरे’) या दोन्हींकडे लक्ष द्यावे. लोण्या-दह्याचा हलका वास ताज्या फळांच्या वासाच्या गिंजो साकेत दोष ठरतो. किमोतोत तो मर्यादेत असल्यास दोष मानू नये. केवळ गिंजोच्या मापाने किमोतो तोलणे अन्यायाचे आहे.

थंड किमोतो अनेकदा तुरट व बंद वाटते. ते ४०° (‘नुरुकान’) किंवा ४५° (‘जोकान’) से.ला प्यावे, कारण लॅक्टिक अम्लाची चव उबेत मऊ होते. पाणी सुमारे ८०° से. तापवून आच बंद करावी आणि गळ्यापर्यंत न भरलेली सुरई (‘तोक्कुरी’) त्यात दोन-तीन मिनिटे ठेवावी. द्रव फुगतो, म्हणून वर जागा सोडावी. मायक्रोवेव्हमध्ये वरचा भाग तापतो आणि तळ गारच राहतो. ५५° से.च्या वर अल्कोहोल नाकाला झोंबते. एकच साके खोलीच्या तापमानाला, गरम आणि गरम करून निवलेले (‘कांझामाशी’) असे तीनदा चाखावे. निवल्यावरही ज्याची चव टिकते, त्याचे विरजण चांगले जमलेले असते.

दोषांपैकी जुनाट ‘हिनेका’ वास मुख्यतः डायमिथिल ट्रायसल्फाइडमुळे येतो. उजेडात ठेवलेले साकेही पिवळसर होऊन बिघडते. ‘हिओची’ जीवाणूंनी गढूळ झालेले साके टाकून द्यावे. अल्कोहोल पेलणारे हे जीवाणू साठवण्यापूर्वीच्या जंतुनाशक तापवणीत (‘हिइरे’) कसर राहिल्यास वाढतात.